पंखवाल्या देवीची ओटी

सासूबाईंनी वर्षभर जपून ठेवलेली नवसाची ओटी मी एका गोऱ्या कप्तानाच्या थडग्यापुढं भरायला लावली.

बायको काविळीनं अंथरुणाला खिळली होती, तेव्हा तिच्या आईनं समुद्रकाठच्या किल्ल्यातल्या, कधी न पाहिलेल्या देवीला नवस बोलला होता. बायको उठली. मग मामी, म्हणजे माझ्या सासूबाई, हिरवी इरकल, खण आणि नारळ घेऊन गडहिंग्लजहून कोल्हापूरला आल्या आणि भाड्याच्या ट्रॅक्सनं आम्ही तिघं घाट उतरलो. नव्वद सालानंतरची गोष्ट. किल्ल्याचं तेव्हा नुकतंच म्युझियम झालं होतं.

गाडी सुटल्यापासून माझं किल्ल्यांवर भाषण चालू होतं. कोल्हापूरच्या माणसाला किल्ले जन्मताच कळतात, अशी माझी समजूत. दारातच बायको माहितीची पाटी वाचायला थांबली.

"पाट्या काय वाचतीस? मी हाय की!"

आत पटांगणात तटाला टेकून एक कोरीव दगड उभा होता. गोल गरगरीत चेहरा, दोन्ही अंगांना पसरलेले पंख, खाली गलबत.

"हीच व्हय, पावणं?" मामींनी विचारलं.

"हीच की, मामी. ही मागं प्रभावळ, हे खाली वाहन."

"होडी कशी वाहन?"

"मग दर्याच्या देवीला वाघ चालंल व्हय?"

मामींना पटलं. त्यांनी दगडाच्या गालांना हळदकुंकू लावलं, इरकल वाहिली, डोकं टेकलं आणि तशाच रडत राहिल्या. मीही हात जोडून भाविक चेहरा केला. तेवढ्यात शिट्टी मारत रखवालदार धावत आला. बायको दगडाच्या आडोशाला लावलेली पाटी वाचून आली आणि माझ्या कानाशी म्हणाली, "अवो, गोऱ्या कप्तानाचं थडगं हाय ह्ये, पंखवाला त्येंचा देवदूत. कप्तान तापानं मेलाय हितं."

देवीचं देऊळ पुढं, बुरुजाखाली होतं.

"मामी, साडी उचलतो, तिकडं वाहू," मी घाईनं वाकलो.

"भरलेली ओटी माघारी उचलत्यात व्हय?" एवढंच बोलून त्या रिकाम्या हातानं देवळाकडं चालू लागल्या. बायको त्यांच्या मागनं गेली. मला रखवालदारानं सोडलं नाही. त्याच्यासमोर बसून मी ओल्या रुमालानं दगडाचे गाल पुसत होतो. कुंकू निघायच्या ऐवजी पसरत चाललं. शाळेची सहल आली होती, ती माझ्याभोवती गोळा झाली. पण मान वर करवेना ती पोरांमुळं नव्हे. वर्षभर जपलेल्या इरकलीची घडी अजून माझ्या गुडघ्यापाशी पडली होती.

परतताना घाट अर्धा चढून झाल्यावर मला राहवलं नाही.

"मामी, देवी रागावली नसंल न्हवं?"

त्या खिडकीबाहेर बघतच म्हणाल्या, "लेक बरी झाली तर ओटी भरीन म्हटलंतं, ती ऱ्हायली. पुन्हा येऊन भरीन म्हणून सांगितलंय. आनि जावयाला अक्कल यिऊ दे म्हणून दुसरा नवस बोललोय. पर कावीळ येगळी, पावणं. ह्ये काय देवीला झेपंल असं वाटत न्हाय."