बसायला येणारे काका

दुसऱ्याच्या दुःखात मिशनकाकांइतका निरुपयोगी माणूस अख्ख्या मलकापुरात सापडला नसता, हे मी पैजेवर सांगतो. बाबांचे ते कचेरीतले दोस्त. मिशनच्या आवारात राहायचे, म्हणून आम्हा पोरांचे मिशनकाका. गावात कुणी अंथरूण धरलं की कचेरी सुटल्यावर काकांची सायकल त्या दाराशी लागलीच म्हणून समजा. इतर लोक मोसंबी नेत, डॉक्टर सुचवत, निदान 'होईल सगळं ठीक' एवढं तरी म्हणत. काका रिकाम्या हातानं जायचे, स्टूल ओढून घ्यायचे, टोपी गुडघ्यावर ठेवायचे आणि बसायचे. बस्स. दुखणं काय, कधीपासून, हेसुद्धा विचारायचे नाहीत. थोड्या वेळानं त्यांची मान हळूच छातीवर यायची. शेजारच्या शिंपीबुवांना टायफॉईड झाला तेव्हा काका असे काही घोरू लागले, की बुवांनीच उठून स्वतःची चादर त्यांच्या अंगावर टाकली. बुवांची बायको मात्र, त्याच दिवसापासून ताप उतरला, असं गावभर सांगत सुटली.

आई वैतागायची. "भाऊजी, तुमी बिमाराले पाहाले जाता का झोपाले?"

काका ओशाळं हसायचे. "काय करू वैनी, मले धड बोलता येत नाही अन् जागताबी येत नाही. येशूनं पकडल्या जायच्या रात्री चेल्याईले एवढंच मांगितलं होतं, का जराशे माह्यासंगं जागे राहा. थेबी झोपले. मी त्याईच्याच बिरादरीतला. पन होते तं त्याच्याजवळच."

मग ही वेळ आमच्याच घरावर आली. माझी थोरली बहीण, आक्का, मोताळ्याला दिलेली. बाळंतपणाला माहेरी आली आणि बाळ बारशाआधीच गेलं. बायका आल्या, "वय हाये अजून, दुसरं होईल" म्हणाल्या आणि गेल्या. मग कुणी येईनासं झालं. आक्का भिंतीकडे तोंड करून पडलेली. बोलेना, जेवेना, ताट जसंच्या तसं परत. नातवंड गेलंच, आता पोरही हातची जाते, ही धास्ती आईनं घेतली. घरात कुणी बाळाचा विषय काढायचा नाही, असं तिनं आम्हाला बजावून ठेवलं.

काका आले, ओसरीवर खांबाला टेकून बसले, आणि निघताना दारातून मोठ्यानं म्हणाले, "येतो बरं वैनी." आई जागच्या जागी थिजली. दुःखाच्या घरातून उठताना 'येतो' म्हणत नाहीत. मुकाट्यानं चालू लागायचं, नाहीतर तसल्याच निमित्तानं पुन्हा यावं लागतं. दुसऱ्या दिवशी तिनं त्यांना चांगलंच फैलावर घेतलं. "एवढी वर्सं आमच्यात राहून एवढंबी समजत नाही का तुमाले?"

काका खरोखर घाबरले. पुष्कळ विचार करून म्हणाले, "चुकलं वैनी. पन मी तं उद्याबी येनार हाओ. मंग म्हनू काय?"

काका रोज आले आणि रोज 'येतो' म्हणूनच गेले.

एका रविवारी ते प्रार्थनेहून परस्पर आले. आई चुलीशी होती, म्हणून आक्काच कशीबशी उठून पाणी घेऊन ओसरीवर आली. काका पाणी प्यायले, त्यांनी तांब्या खाली ठेवला आणि विचारलं, "काय नाव ठेवनार होती, माय, लेकराचं?"

आई आतून धावत आली. मला तर वाटलं, आता काही खरं नाही. आक्का खाली बसली, आणि बारशाला आत्या बाळाच्या कानात सांगते तशी काकांच्या कानाशी तोंड नेऊन काहीतरी बोलली. "चांगलं होतं," काका म्हणाले आणि टोपीनंच डोळे पुसू लागले. त्यावर आक्का जी रडायला लागली, ती ऊन उतरेपर्यंत थांबली नाही. संध्याकाळी तिनं आपणहून भाकर मागितली. आई रडत रडत थापत होती.

पुढं आक्का सासरी गेली, तिला दोन मुलं झाली. काका गेल्याचा निरोप पोचला तेव्हा ती मिळेल त्या एसटीनं मलकापूरला आली. माती देऊन झाली, लोक पांगले, तरी ती कबरीजवळून उठेना. मी म्हटलं, चल आता. ती म्हणाली, "थांब रे जरासा. थे नाव आमा दोघाईलेच मालूम होतं. आता मी एकटीच राह्यली."