जल्लादाचं वाक्य

आमच्या भागात जल्लाद हा शब्द फार सढळपणे वापरतात. पेपर कडक तपासणारा मास्तर जल्लाद, सुट्टे नाहीत म्हणून म्हातारीला खाली उतरवणारा कंडक्टर जल्लाद, सुनेला सणाला माहेरी न पाठवणारी सासू जल्लाद. निलंग्याच्या शाळेत पोरं माझ्या माघारी मलाही तेच म्हणत. चार दिवस म्हणतात आणि विसरतात. एका माणसाला मात्र हे नाव मरेपर्यंत चिकटलं. चिकटवणारा मी होतो, पण तेवढंच सांगायचं असतं तर मी लिहायला बसलो नसतो.

तो गेल्याची बातमी मला लातूरला कळली. गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फोटो आला, खाली पूर्ण नाव. नाव वाचून मी पुढं सरकलो. मग कुणीतरी विचारलं, हे कोण? उत्तर आलं, अरे, आपला जल्लाद. तेव्हा चष्मा पुसून फोटो पुन्हा पाहिला. घरात सांगायला कुणी नव्हतं. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगा बेंगळुरूला असतो. कुकरच्या शिट्ट्या होत राहिल्या, मी तसाच बसून होतो.

देगलूर तालुक्यातल्या त्या गावात मी तरुणपणी शिक्षक होतो. दर जत्रेला गावाचं नाटक व्हायचं. लिहायचो मी, बसवायचो मी आणि युवराजही मीच व्हायचो. शेवटच्या अंकात युवराजाचा शिरच्छेद. त्यासाठी धिप्पाड माणूस हवा म्हणून बौद्धवाड्यातून त्याला बोलावलं. तोंडाला काळं फडकं बांधायचं, चमकीचा कागद लावलेली लाकडी तलवार उचलायची, की पडदा. पुढच्या वर्षी नाटक बदललं, शिरच्छेद तोच राहिला आणि जल्लादही तोच. त्याला दुसरं एखादं काम द्यावं असं माझ्या मनातही आलं नाही.

तो दादांकडे सालगडी होता. दादा म्हणजे गावातले मोठे शेतकरी. नाटकाचे पडदे आणि माइक देगलूरहून ते स्वतःच्या ट्रॅक्टरमधून आणत. दोघं एका वयाचे, लहानपणी एकाच ओढ्यात डुंबलेले. एक मालक आणि एक गडी असला तरी बांधावर एका शिदोरीतून जेवताना मी त्यांना पाहिलं होतं. त्या काळी आमच्या गावात ही साधी गोष्ट नव्हती.

एका वर्षी तालीम संपल्यावर तो मागं रेंगाळला.

"गुरुजी, जल्लादाला बोलायला काहीच नसतं का? मुका तर न्हाई ना तो?" म्हणाला आणि स्वतःच हसला.

मला गंमत वाटली. तिथंच एक वाक्य लिहून मी त्याला वाचून दाखवलं. युवराज, हात माझा आहे, हुकूम माझा नाही. ते पुटपुटत तो घरी गेला.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या व्हरांड्यात तालीम होती. माझं लांबलचक भाषण झालं, मी मान खाली घातली, आणि त्यानं ते वाक्य म्हटलं. कसलाही अभिनय नाही. शेजाऱ्याला निरोप सांगावा तसं हळू म्हटलं. हापशावर पाणी भरणाऱ्या बाया थांबल्या. एकीनं पदर डोळ्यांना लावला. मरणार होतो मी, आणि सगळे बघत होते त्याच्याकडे. माझं भाषण कुणाच्या लक्षातही राहिलं नव्हतं.

ते वाक्य मी काढलं. कारण एवढंच होतं. मला मत्सर वाटला.

पण त्याला तसं कसं सांगणार? दादा त्या दिवशी पडदे आणायला देगलूरला गेले होते. तालीम त्यांनी पाहिलेली नव्हती, असं काही वाक्य आहे हेही त्यांना ठाऊक नव्हतं. जत्रेच्या सकाळी मी त्याला बाजूला घेतलं आणि म्हणालो, दादांना ते वाक्य नको आहे. तुझ्या वाड्यातल्या माणसानं युवराजाशी स्टेजवर बोलावं, हे त्यांना बरं वाटत नाही.

तो माझ्याकडे बघत राहिला. "दादा म्हणले?"

"हाव."

त्यानं पुढं काही विचारलं नाही. खोटं इतक्या सहज खपेल असं मला वाटलं नव्हतं. आज कळतं, त्यानं जन्मभर असलंच ऐकलेलं होतं. मी फक्त ते बोलणाऱ्याच्या जागी त्याच्या दोस्ताचं नाव घातलं.

त्या रात्रीच्या नाटकात त्यानं तलवार उचलली आणि वाक्याच्या जागी तेवढाच वेळ थांबला. मी मान खाली घालून बसलो होतो. फडक्याआडून त्याचा श्वास मला ऐकू येत होता. मग पडदा पडला.

सकाळी तलवार शाळेच्या दाराशी ठेवलेली होती. दादांच्या शेतात तो पुन्हा गेला नाही. दादांनी दोनदा माणूस पाठवला, तो आला नाही. पावसाळ्याआधी बिऱ्हाड घेऊन नांदेडला गेला आणि धान्याच्या मोंढ्यात हमाली धरली. गाव म्हणालं, शहराची हवा लागली, माजला. मीही मान हलवली. पुढं माझी बदली झाली.

फोटो पाहिल्यानंतर काही आठवड्यांनी मी नांदेडला त्याच्या मुलीकडं गेलो. ती सरकारी दवाखान्यात परिचारिका आहे. मी कोण ते सांगितल्यावर तिनं खुर्ची दिली, पंखा लावला, चहा ठेवला. मी सगळं सांगितलं.  ती म्हणाली, बाबा दादांबद्दल कधी वाईट बोलले नाहीत, पण स्टँडवर देगलूरची गाडी लागलेली दिसली की तोंड फिरवायचे. हमाली करून त्यांनी मला शिकवलं, गावात राहिलो असतो तर शिकले असते का, माहीत नाही. त्याचं श्रेय मात्र तुम्ही घेऊ नका.

मी म्हणालो, तसं माझ्या मनात नाही.

"मग मला कशाला सांगून राहिलात, गुरुजी? मला सांगून तुम्ही मोकळे होताल. दादा हायत अजून. त्यांला सांगा."

दारापर्यंत ती सोडायला आली नाही.

दुसऱ्या दिवशी देगलूरची गाडी पकडली. दादा ओट्यावर बसलेले होते. फार थकलेत, कानानं जवळजवळ ऐकूच येत नाही. मुलानं मशीन आणून दिलंय, ते खिशात असतं. त्यांनी मला आवाजावरून ओळखणं शक्य नव्हतं, चेहऱ्यावरून ओळखलं. मी बोलू लागलो. दर वाक्याला ते कानामागं हात नेत आणि मी आवाज चढवत गेलो. समोरच्या पारावरची माणसं वळून बघू लागली. वरच्या पट्टीत सांगताना कुठलाच शब्द मऊ करता येत नाही. मी खोटं बोललो. तुमचं नाव घेतलं. तुम्ही काहीच म्हणाला नव्हता.

दादा जमिनीकडं बघत होते. मग म्हणाले, "मला वाटलं, मीच कधी तरी काही बोलून गेलो असंन. लई आठवून पाहिलं, मास्तर."

 मग त्यांनी विचारलं, "काय होतं ते वाक्य?"

मी सांगितलं.

"मोठ्यानं."

मी उभा राहिलो. माझ्या नाटकांत मी पानंच्या पानं भाषणं केली होती, पण ही एक ओळ कधी म्हटली नव्हती. पारावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडून म्हणालो, "युवराज, हात माझा आहे, हुकूम माझा नाही!"

दादांनी ते ओठांतल्या ओठांत एकदा म्हणून पाहिलं.

"चांगलं होतं की," ते म्हणाले. "ठेवायचं होतं."

मग मशीन खिशातच ठेवून ते रस्त्याकडं तोंड करून बसले. परतीच्या गाडीला अवकाश होता. ते मला बसा म्हणाले नाहीत, जा असंही म्हणाले नाहीत. मी ओट्याच्या खाली उभा राहिलो.