शेवटच्या तारखेचं पत्र

लंडनमधल्या हाउन्सलोच्या प्राथमिक शाळेत शिकवणाऱ्या वृंदाला दिवस गेले. तिसरा महिना सरेपर्यंत बोलायचं नाही, म्हणून तिने सासूबाईंनाही सांगितलं नव्हतं. पण वर्गात कांजिण्यांची साथ आली, पोटातल्या बाळाला धोका नको म्हणून हेडमास्तर डॉसनला दाराआड सांगावं लागलं. त्या माणसाच्या तोंडात तीळ भिजेना. त्याने स्टाफ मीटिंगमध्ये टाळ्या वाजवून जाहीर केलं. दोन दिवसांत सासूबाईंना बसस्टॉपवर कुणा पालकाकडून कळलं. वृंदाच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

दुसऱ्या खेपेला, २००६ साली, सहावा महिना लागला, कोटाची बटणं लागेनात, तरी ती गप्प राहिली. बाळंतपणाची रजा कळवायला कायद्याने दिलेल्या शेवटच्या दिवशी तिने डॉसनच्या टेबलावर पत्र ठेवलं.

"आधी सांगायचं होतंत," तो कुरकुरला.

"सांगितलं होतं," ती म्हणाली, "मागच्या वेळी."