होस्टाच्या मातीसाठी चामोर्शीपलीकडे

सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी आम्ही निघालो ते एका झाडाच्या तुकड्यासाठी, हे आधीच सांगून टाकते. हसायचं ते आत्ताच हसून घ्या.

होस्टा म्हणजे थंड मुलखातलं, सावलीत वाढणारं पानांचं झाड. रुंद, शिरा उमटलेली पानं, कुठे निळसर, कुठे पांढऱ्या किनारीची. आमच्या भद्रावतीच्या उन्हाळ्यात ते लावणं हा शुद्ध वेडेपणा आहे आणि मी तो सहा वर्षं करते आहे. डोंगरातल्या नर्सरीतून कंद मागवते, हिवाळ्यात त्यांना थंडी मिळावी म्हणून फ्रिजमध्ये भाजीच्या खणात झोपवते. माझ्या नवऱ्याने, प्रकाशने, एकदा आलं समजून त्यातला एक चहात किसला होता. यंदा मे महिन्यात माझ्या पाचही जाती कुजल्या. रिकाम्या कुंड्या धुताना मी खरंच रडले.

मग झाडांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक फोटो आला. चामोर्शीच्या पुढे, घोटच्या बाजूच्या एका गावात, सुमनबाई नावाच्या बाईंच्या परसात होस्टा चार वर्षं जमिनीत जगला होता. त्यांची मुलगी नर्सिंग शिकायला हिमाचलात होती, तिने आणलेला. नंबर मिळवून फोन केला. "या नं जी, तुकडा देतो," त्या म्हणाल्या.

जाणाऱ्यांसाठी सांगते: चंद्रपूरहून मूलच्या रस्त्याला सातच्या आत लागू नका. आम्ही चंद्रपुरात तर्री-पोहे खाऊन, ऊन वर आल्यावरच मोटारसायकल त्या रस्त्यावरच्या वाघांच्या जंगलात घातली. तरी मी प्रकाशचा शर्ट घट्ट धरून बसले होते. दोन्ही बाजूंची झाडी रस्त्यावर झुकलेली, आणि जिथे गुरं नाहीत, माणूस नाही, तिथे प्रकाश उगाचच हॉर्न वाजवत होता. मूलनंतर शेतं लागली, तेव्हा शर्ट सोडला. हरणघाटच्या पुलाखालून वैनगंगा तुडुंब वाहत होती. पावसाळ्यात निघण्याआधी पूल सुरू आहे का ते विचारून घ्या. चामोर्शीत जेवलो आणि पुढे गाव दिसू लागतानाच मागचं चाक बसलं. प्रकाश पंक्चरवाल्याकडे थांबला, मी एकटी सुमनबाईंकडे गेले.

पन्नाशीच्या, बारीक अंगाच्या बाई. घर ढिवरांचं, दारात मासोळीचं जाळं वाळत घातलेलं. न्हाणीच्या मागे, भिंतीच्या सावलीत तो होस्टा होता. परातीएवढा घेर आणि मधून पांढऱ्या, लांब देठाच्या फुलांचा दांडा. मी वाकून वास घेतला आणि एकेक पान उलटून पाहिलं.

"तुकडा देतो, पण तुमच्या मातीत सडन हे," सुमनबाई म्हणाल्या. "तलावापल्याड बांबूखालची माती लागते. चाला, घेऊन येऊ."

तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर चढताना त्यांनी मला काम समजावलं. "एक जण वाकते, एक उभा राह्यते. उभा राह्यते त्यानं पाठीले पाठ लावून पाहाचं अन् बोलत राहाचं. तोंड बंद नाई कराचं. वाकलेलं माणूस त्याले जनावरावानी दिसते." वाघाचं नाव त्यांनी घेतलं नाही. मलाही ते विचारावंसं वाटलं नाही. "मी खणतो. तुमी उभ्या राहा."

बांबूच्या रांजीत, त्या दाट बेटात, दुपारचा उजेडही हिरवा पडला होता. सुमनबाई खाली बसून कुदळीने काळी, भुसभुशीत माती ओढू लागल्या आणि मी त्यांच्याकडे पाठ करून बोलू लागले. मुलाच्या अ‍ॅडमिशनचं बोलले, कॉलनीतल्या गणपतीचं बोलले, प्रकाशच्या चहाचा किस्सा सांगितला. त्या मागून "हं, हं" म्हणत होत्या.

मग मला ते पान दिसलं.

चार पावलांवर, रानहळदीसारखं काहीतरी, पण पानाला पांढरी किनार. किनार असलेलं पान दिसलं की माझं डोकं चालत नाही. पान उलटून बघावं, एवढंच मनात होतं. मी गेले आणि उकिडवी बसले. किती वेळ बसले, कोण जाणे. बोलायची थांबले होते, हेही मला कळलं नाही.

वर वानर खाकरलं, धोका दिसल्यावर खाकरतं तसं. मग दुसरं.

"ताई?" सुमनबाईंचा आवाज आला. मी वळून पाहिलं. त्यांनीही वळून पाहिलं आणि मी खाली बसलेली त्यांना दिसले. तो चेहरा मी विसरू शकत नाही. त्या उठल्या, कुदळ घमेल्यावर बडवत ओरडू लागल्या, "उठा! उठा जी! बोला!" मला शब्द सुचेना, म्हणून मी नुसतीच किंचाळले. पलीकडची बांबूची एक रांजी हलली. वारा अजिबात नव्हता. आम्ही पाठ न वळवता, एकमेकींचा हात धरून पाळीपर्यंत उलट चालत आलो. दिसलं काहीच नाही. पाळीवर मी मटकन बसले.

"माफ करा," मी म्हटलं.

"तुमी काऊन वाकल्या?"

"पान बघायला."

त्या तलावाकडे बघत राहिल्या. "दोन सालाआधी मोहफुलाच्या वक्ताले माई जाऊ नेली त्यानं. ते वेचून राह्यली होती. उभी मी होतो. माया पायापाशी लय फुलं पडली होती." थोड्या वेळाने म्हणाल्या, "मी वाकलो."

त्यांनीच घमेलं उचललं, ते अर्धंच भरलं होतं. घरी येऊन त्यांनी होस्टाचा तुकडा काढला, ओल्या फडक्यात बांधला आणि माझ्या हातात दिला. एकही कडवट शब्द बोलल्या नाहीत, याचीच मला जास्त लाज वाटली. तोवर प्रकाश चाक दुरुस्त करून आला होता. उजेडात मूलचा रस्ता पार करायचा म्हणून आम्ही लगेच निघालो. प्रकाश हॉर्न वाजवत होता आणि यावेळी मी मोठमोठ्याने बोलत होते.

होस्टा जगला आहे. त्या मातीत एकच कुंडी भरली आणि तिच्यात दोन नवी पानं आली आहेत. पण मी कुंड्यांपाशी बसले की प्रकाशला मागे उभं राहावं लागतं, पेपर मोठ्याने वाचत. पहिले दोन दिवस तो हसला, आता हसत नाही.

परवा सुमनबाईंना फोन करून पानांचं सांगितलं. त्या खूश झाल्या. "कुंडी मोठी करा लागन. माती लागन तुमाले," म्हणाल्या. मग पुढे, "या. पण आता तुमी खणा. मी उभी राह्यतो. तवापासून माया भरवशावर कोणी वाकलं नाई."

मी "कळवते" म्हणून फोन ठेवला. अजून कळवलेलं नाही.