देवळामागचं मैदान

हे सांगायचं मी चौदा वर्षं टाळलं. रोज देवापुढे उभा राहिलो, पण तिथेही टाळलंच.

चिखलीत आमच्या दत्तमंदिरामागे मोकळं मैदान होतं. नाल्यापलीकडच्या झोपडपट्टीतली पोरं-पोरी पहाटे तिथे पोलीस भरतीसाठी धावायची. मी तेव्हा मंदिराचा सचिव होतो. काकड आरतीला येणाऱ्या काहींनी कुरकुर केली, ट्रॅकपँट घातलेल्या मुली देवळामागे बऱ्या दिसत नाहीत. मी फाटकाला कुलूप घातलं आणि समितीचा ठराव झाला आहे असं सांगितलं. ठराव कधी झालाच नव्हता.

पोरं रस्त्यावर धावू लागली. थोड्याच दिवसांत अंधुक उजेडात एका जीपने रेखाला उडवलं. वस्तीतली सगळ्यांत वेगवान मुलगी ती. तिचा पाय वाचला, पण आखूड झाला. भरतीचं स्वप्न तिथेच संपलं. मी तिला भेटायला गेलो नाही.

त्यानंतर आरतीत माझं मन लागेना. देवळामागून येणारी पावलांची ती धपधप कानांना हवीशी वाटू लागली. पुढे मैदानावर मंगल कार्यालय उभं राहिलं. तरी मी दत्तमहाराजांना म्हणायचो, एकदा तो आवाज ऐकू द्या.

गेल्या कार्तिकात पहाटे देवळात निघालो असताना रक्तातली साखर उतरली आणि मी बायपासच्या कडेला कोसळलो. डोळ्यांपुढे अंधारी आली. कान मातीला टेकलेला, आणि मातीतून पावलं ऐकू आली. खूप पावलं.

"अबे थांबा, बाबा पडले!"

"ताई, माहा टाइम बंद करा ना. आज मी पयला होतो!"

"तू रोजच पयला असतं बे. जा, गूळ आण आधी."

गूळ त्या ताईनेच माझ्या तोंडात घातला. दृष्टी निवळली तेव्हा लंगडत चालणारी, गळ्यात शिटी असलेली बाई दिसली. रेखा. वस्तीतल्या पोरांना आता तीच तयार करते, त्यांच्यासाठी शेजारच्या बाया पाळीपाळीने हरभरे भिजवतात, हे मला पोरांकडूनच कळलं.

"एकटे काऊन निघाले बाबा? घरी सांगाव ना कोणाले," ती म्हणाली. तिने मला ओळखलं की नाही, कळलं नाही. मी नुसता हात जोडून राहिलो. दोन पोरांनी मला देवळापर्यंत पोचवलं.

त्या दिवशी मूर्तीपुढे काही मागावंसं वाटलं नाही. तो आवाज ऐकू द्या म्हणून इतकी वर्षं विनवत होतो. त्याने तिलाच माझ्या उशाशी आणून बसवलं. आता तो दाखवील तिथे जायचं, एवढंच उरलं. दोनदा वस्तीच्या तोंडापर्यंत गेलो. तिसऱ्यांदा तिच्या दारात पोचलो, तिने पाणी दिलं, मी ते पिऊन परत आलो. जीभ उचलली नाही. म्हणून इथे लिहितो.

रेखा, ठराव झाला नव्हता. कुलूप मी एकट्याने घातलं होतं. मला माफ कर, पोरी.