उंच चढणारा टोमॅटो

परळच्या आमच्या चाळीतला पहिला पदवीधर मी. तीही पदवी वनस्पतिशास्त्राची. बाप गिरणीत, आई निरक्षर, म्हणून हे मी अजूनही ताठ मानेने सांगतो. आईला गॅलरीत टोमॅटो लावायची हुक्की आली, तेव्हा रोप कोणतं घ्यायचं हे मीच ठरवणार असं मी धरून चाललो होतो.

दादरच्या रोपवाल्याकडे दोन जाती होत्या. एक बुटकी, झुडपासारखी. कमरेएवढी वाढून थांबते आणि लवकर फळते. दुसरी दोरी दिली की चढतच जाते, फळाला मात्र वेळ लावते. आमच्याकडे रॉकेलचा रिकामा डबा आणि सकाळचं थोडंसं ऊन. मी म्हटलं, "बुटकं घे."

"तुझी पदवी कॉलेजात ठेव. माका उंच जाणारा व्हया."

कारण होतं वरच्या मजल्यावरची काकी. आईच्याच गावची, लहानपणापासूनची मैत्रीण. पाय गेल्यापासून ती गॅलरीत खुर्चीवर बसून असायची. "सगळा हातात आयता मिळता म्हणान रडता ती," आई म्हणाली. तिने आपल्या कठड्यावरून, आपल्या हाताने टोमॅटो तोडावा, एवढंच आईला हवं होतं.

वरच्या कठड्यापासून आमच्या डब्यापर्यंत काथ्याची दोरी ताणली. रोप चढू लागलं. वरून रोज हाक यायची, "गो, तुझा झाड चढता की बसान पेज पिता?"

"येता, येता! तुझ्यासारखी घाई नाय तेका."

थंडीत ते वरच्या मजल्याच्या जवळ पोचलं, पिवळी फुलं आली. आणि त्याच दिवसांत संयुक्त महाराष्ट्रासाठी गिरणगाव पेटलं. गोळीबार झाला, माणसं गेली. चाळीचाळींवर काळी निशाणं लागू लागली. आमची गॅलरी रस्त्यावरची. पोरं आली. "मावशी, दोरी आयतीच आहे. हिच्यावर लावू?"

आई झाडाकडे बघत राहिली. वरून काकीच ओरडली, "इचारतास काय मेल्यांनो? बांधा!"

मग आईही म्हणाली, "बांधा." गाठ मारायला मी होतोच, आणि छाती फुगवून होतो.

वाऱ्याचा विचार कुणीच केला नाही. निशाणाच्या जाड मांजरपाटात समुद्रावरचा वारा भरायचा, दोरी हिसके खायची, आणि तिला बांधलेलं खोड सोलवटून निघायचं. फुलं गॅलरीभर पडली. पण निशाण उतरवा हे त्या दिवसांत कुणाच्या तोंडून निघणार? आईच्या निघालं नाही, माझ्याही नाही. ते उतरलं तेव्हा वरचा अर्धा वेल वाळला होता.

संचारबंदी, दगडफेक, धावपळ. असल्यात काकीला ठेवायला नको म्हणून तिच्या मुलाने तिला गावी न्यायचं ठरवलं. पोरांनी तिला खुर्चीसकट खाली आणलं. आमच्या दारापुढे ती म्हणाली, "थांबवा रे."

खुर्ची डब्याशी टेकवली. तिने बुंध्याजवळचं एक पान तोडलं, बोटांत चुरडलं, नाकाशी नेलं.

"वास बरो आसा गो."

आईने नुसता काकीचा पदर सारखा केला.

रोपाबाबत माझंच खरं ठरलं होतं. एरवी मी ते दहा जणांना ऐकवलं असतं. पण त्या दिवशी मी त्या खुर्चीकडे बघत होतो. बुटकं रोप घेतलं असतं तर एव्हाना ते पिकलं असतं, आणि बरोबर तिचा हात पोचत होता तिथे.