हळदकुंकू लागलेला मृदंग

काकांची आणि माझी ओळख भिंतीतून झाली. काळाचौकीच्या त्या चाळीत दोन खोल्यांच्या मध्ये विटा नव्हत्या, नुसत्या फळ्या होत्या. ऑफिसमधल्या मैत्रिणीची खोली रिकामी होती, ती मला भाड्याने मिळाली. पदवी घेऊन मी नुकतीच मुंबईत आले होते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. तालुक्याच्या गावी मिशनच्या शाळेत आणि बोर्डिंगात मी वाढले. तिथल्या बाईंनी मला लिहायला शिकवलं, तसं गायलाही शिकवलं. संध्याकाळी भात टाकला की मी उपासनेतली पदं गुणगुणायची. एकदा एक पद अर्ध्यावर सोडून मी कुकर उतरवायला गेले, तर उरलेली ओळ पलीकडून कोणीतरी फळीवर बोटांनी पूर्ण केली. शब्द नव्हते, फक्त ठेका.

दार उघडून बाहेर आले. शेजारच्या दारात पन्नाशीचे एक गृहस्थ ओशाळून उभे होते.

"माफ कर हां बाय. हात गप्प बसत नाहीत माझे."

आतून काकींचा आवाज आला, "लग्नात भटजी मंत्र म्हणत होता, तेव्हा हे पाटावर ठेका धरून बसलेले. तू फळीचं काय घेऊन बसलीस!"

काका एका शाळेच्या कार्यालयात लिपिक होते. मूळचे मालवणकडचे. वडील गिरणीत होते आणि चाळीच्या भजनात मृदंग वाजवायचे. तोच मृदंग आता काका वाजवत. दर एकादशीला गॅलरीच्या टोकाला सतरंजी पसरली जायची आणि काका मध्ये बसायचे.

"हे पद कुठल्या देवाचं?" त्यांनी मला विचारलं.

"येशूचं."

"चाल तर आमचीच दिसते."

खरंच होतं ते. आमच्याकडच्या जुन्या लोकांनी कीर्तनाच्या चालींवर पदं रचली होती. काकांना त्याचं फार नवल वाटलं. त्यांनी माझं शास्त्र, म्हणजे बायबल, वाचायला मागून नेलं. रोज शाळेतून आले की चहा घेत दारात बसून वाचायचे. एका संध्याकाळी चष्मा काढून म्हणाले, "बाय, त्या कुष्ठरोग्याची गोष्ट वाचली. आधी बरा केला आणि मग हात लावला, असं नाही ना?"

"नाही. आधी हात लावला."

"आधी," काका म्हणाले. "कुणी लावत नव्हतं तेव्हा."

ती गोष्ट मी पहिलीत असल्यापासून ऐकत होते. परीक्षेत लिहिली होती, लहान मुलांना शिकवली होती. त्यात आधी काय आणि नंतर काय, हे माझ्या कधी मनातच आलं नव्हतं. त्या संध्याकाळी गॅलरीतल्या ओल्या कपड्यांखाली उभी राहून मी ती पहिल्यांदा ऐकली.

रविवारी काका माझ्याबरोबर उपासनेला येऊ लागले. आमचं चर्च ठाकूरद्वारच्या पुढे, एका गल्लीत. लहानसं, मराठी माणसांचं. काकीही यायच्या. "बघूया तरी, जातात कुठे ते," असं पहिल्या दिवशी म्हणाल्या आणि मग दर रविवारी काकांच्या आधी तयार असायच्या. मंडळीतले सगळ्यात जुने पंच, ज्यांना आम्ही 'वडील' म्हणतो, निवृत्त हेडमास्तर होते. मला टायफॉइड झाला तेव्हा गिरगावहून रोज डबा पाठवणारे हेच. काकांचा हात हातात घेऊन म्हणाले, "या बंधू, आपलंच घर आहे." काकांनी बाप्तिस्मा मागितला तेव्हा वडिलांच्या डोळ्यांत पाणी होतं.

मग उपकारस्तुतीचा सण आला. त्या दिवशी लोक भाज्या, नारळ, धान्य आणून वेदीपुढे ठेवतात. काकांनी मृदंग आणला. काकींच्या डब्यात कणकेचा गोळा होता. मृदंगाच्या डाव्या तोंडाला ओली कणीक थापल्याशिवाय त्याला खोल आवाज येत नाही, हे मला तेव्हा कळलं. काकांनी कणीक थापली, हातोडीने गट्टे ठोकून सूर लावला, आणि आम्ही तेच पद म्हणायला लागलो, फळीवर अर्धं राहिलेलं.

मी ते पद जन्मभर पेटीवर ऐकलं होतं. पेटीमागून सावकाश चालत जाणारं. त्या दिवशी ते उभं राहिलं. डाव्या हाताची पहिली थाप पडली तेव्हा बाकाचं लाकूड माझ्या तळहाताखाली थरथरलं. म्हाताऱ्या बायका, ज्यांचा आवाज कधी पहिल्या रांगेपलीकडे गेला नव्हता, त्या डोळे मिटून गात होत्या. शेवटचं कडवं संपलं, काकांनी हात उचलले. पाळकसाहेब प्रार्थना करायला उठले होते. त्यांना बराच वेळ सुरुवात करता आली नाही. देव या खोलीत आहे, असं आम्ही दर रविवारी म्हणतो. त्या दिवशी मला जरा भीती वाटली, इतकं ते खरं होतं.

उपासनेनंतर वडील मृदंगाजवळ आले. कौतुकाने वाकले आणि तसेच थांबले.

"हे काय आहे?"

चामड्याच्या पट्ट्यांखाली लाकडावर लाल-पिवळी बोटं उमटलेली होती.

"हळदकुंकू," काका सरळपणे म्हणाले. "दसऱ्याला लावतो ना. माझे वडील लावायचे, मग मी."

पुढच्या आठवड्यात पंच बसले. काकांचा बाप्तिस्मा ईस्टरला ठरला, पण अटींवर. तो मृदंग चर्चमध्ये यायचा नाही. आत्ता माळ्यावर बांधून ठेवावा आणि बाप्तिस्म्याआधी घराबाहेर काढावा. चाळीच्या भजनात यापुढे बसायचं नाही. काकांनी ऐकून घेतलं. घरी येऊन मृदंग जुन्या चादरीत गुंडाळला आणि माळ्यावर ठेवला. एकादशीला गॅलरीत भजन झालं ते नुसत्या टाळांवर. काका आत बसून शास्त्र वाचत होते. पान उलटत नव्हतं.

ईस्टरआधीच्या उपवासाच्या दिवसांत, एका दुपारी, समोरच्या खोलीतली आजी गेली. तिला स्वतःचं कोणी नव्हतं. त्या मजल्यावरची निम्मी पोरं तिनेच सांभाळलेली. तिरडी बांधून झाली तशी भजनाची मंडळी काकांच्या दारात येऊन उभी राहिली. मग त्यातला एक तरणा म्हणाला, "काय काका, बोला. की आजीला मोबाइलवर भजन लावून पोचवूया?"

"गप रे मेल्या," दुसरा म्हणाला, पण तोही काकांकडेच बघत होता.

काका उंबऱ्यात उभे. माझ्याकडे एकदा पाहिलं त्यांनी. काकींनी मात्र कोणाकडेच पाहिलं नाही. त्यांनी स्टूल ओढून माळ्याखाली ठेवलं, आणि ओट्यावर जाऊन कणीक भिजवायला घेतली.

गॅलरीच्या कठड्याला धरून मी ते ऐकलं. चर्चमध्ये पडली होती तीच थाप. तोच खोल आवाज चाळीच्या जिन्यातून उतरत रस्त्यावर गेला, कोपऱ्यावरच्या नव्या टॉवरच्या पायथ्याशी वळला आणि दिसेनासा झाल्यावरही येत राहिला. इतका वेळ मला वाटायचं की पवित्र काय ते मला शिकवलेलं आहे. त्या दुपारी वाटलं, मला त्यातलं फार थोडं माहीत आहे.

"आजीने मला न्हाऊ घातलंय गो," काका मला नंतर म्हणाले. "तिला हात न लावता पाठवायची?"

ही गोष्ट वडिलांना दुसऱ्या कोणी सांगितली नाही. काकांनीच त्या रविवारी सांगितली, लपवायचं काही आहे हे त्यांना वाटलंच नव्हतं. उपासनेनंतर पंच पुन्हा बसले. काका, काकी आणि मी समोर.

"माझ्या आजोबांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा गावाने त्यांना विहिरीवर येऊ दिलं नाही," वडील म्हणाले. आवाज चढलेला नव्हता, थकलेला होता. "त्यांनी घर सोडलं, शेत सोडलं. मागे वळून बघितलं नाही. आणि तुमच्याच्याने एक मृदंग सुटत नाही?"

"त्यांनी कुणाची पूजा नाही केली," मी म्हणाले. "एका म्हातारीला पोचवलं."

"मुली, तुला गावाकडे आपल्याच मंडळीने वाढवलं. शिकवलं. नियम कशासाठी असतात हे तुला मी सांगायला हवं?"

मंडळीने वाढवलं हे खरं होतं. माझ्या अंगावरचा प्रत्येक कपडा एकेकाळी मंडळीने दिलेला होता. बाप्तिस्मा पुढच्या वर्षावर गेला, तोवर काकांची वागणूक पाहू असं ठरलं.

काकांनी उठून हात जोडले. "रागावू नका. तुमच्या आजोबांना गावाने सोडलं. मला माझ्या गावाने अजून सोडलेलं नाही. मी कसं सोडू?"

बसमध्ये काकी खिडकीबाहेर बघत होत्या. लालबाग जवळ आल्यावर म्हणाल्या, "येशूने आधी हात लावला असता गो. हे पंच म्हणतात, आधी धुऊन आणा."

पुढच्या रविवारी मी एकटीच निघाले. चाळीतली दोन-तीन पोरं मला येशूबद्दल विचारू लागली होती. त्यांनी नंतर एकच विचारलं, "तुमच्यात मयताला पण बंदी असते काय?" मी 'नाही' म्हणाले. त्यांनी मान हलवली, आणि पुन्हा काही विचारलं नाही.

काका माझ्याशी कधी वाकडे वागले नाहीत. रविवारी मी परत आले की ते दारातून विचारायचे, "आज काय गायलात?" मी गाऊन दाखवायचे आणि ते चौकटीवर ठेका धरायचे. "मी काय तुमच्यातला झालो नाही बाय," एकदा म्हणाले, "पण त्याच्याशी माझं भांडण नाही." इतकं दुखावल्यावर माणूस इतका हलका कसा राहतो, याचं मला अजून नवल वाटतं.

दोन वर्षांनी तरुण पाळक आले. उपासनेत आपली वाद्यं हवीत असं त्यांचं मत. वडीलही तयार झाले, पण म्हणाले, "मृदंग नवा घ्या. कोरा." दादरहून नवा मृदंग आला. सुंदर होता. फक्त मंडळीत वाजवणारं कोणी नव्हतं. पेटीशेजारी मखमली खोळीत तो पडून राहिला आणि त्याचा सूर उतरला. शेवटी वडीलच मला म्हणाले, माझ्याकडे न बघता, "तुझ्या शेजारच्या गृहस्थांना विचारून बघ."

टॅक्सीत घालून मी मृदंग चाळीत आणला. काकांनी खोळ काढली, तो मांडीवर आडवा घेतला, लाकडावरून तळवा फिरवला.

"अजून कुणाचा हात लागला नाही याला," ते हळूच म्हणाले.

काकी कणीक भिजवायला गेल्या. काकांनी गट्टे ठोकले, कान लावला, पुन्हा ठोकले. मग मला मान हलवून खूण केली. मी गायले. ते कोरं, मुकं लाकूड त्यांच्या हाताखाली बोलायला लागलं. गॅलरीत माणसं जमली.

"काका," मी म्हणाले, "रविवारी तुम्हीच वाजवायला या ना. वडील नको म्हणणार नाहीत."

"आणि माझा मृदंग?"

काकांनी हसून कणीक खरवडून काढली, मृदंग खोळीत घातला आणि माझ्या हातात दिला.

"सूर उतरला की आण. कधीही आण."

रविवारी चर्चमध्ये वडिलांनी खोळ काढली. चामड्याच्या पट्ट्यांखाली, कोऱ्या लाकडावर, पांढरी बोटं उमटली होती.

"हे काय?"

"कणीक आहे," मी म्हणाले. "त्यांनी हात लावलाय."

वडिलांनी खिशातून रुमाल काढला. मग तो तसाच हातात धरून ते बाकावर बसले, आणि उपासना सुरू होईपर्यंत त्या बोटांकडे बघत राहिले.